न केलेल्या चुका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. लॅटिनच्या उजळणीच्या वर्षात माझ्या चुकांच्या वहीत ज्या चुका लिहिलेल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक मी केलेल्याच नव्हत्या. शुक्रवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर बसून मी त्या तयार करायचो आणि शनिवारी सकाळी मान खाली घालून वाचून दाखवायचो. ऐकायला ही काही फार मोठी गोष्ट वाटत नाही. मी गेली पस्तीस-चाळीस वर्षं धर्मगुरू आहे, लोकांची पापनिवेदनं ऐकतो, आणि जाळीपलीकडून जे काही कानावर येतं त्या मानानं ही गोष्ट अगदीच किरकोळ आहे. बहुधा म्हणूनच ती माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. मोठं पाप असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

माझे वडील वैजापूर तालुक्यातल्या एका गावात मास्तर होते. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या ख्रिस्ती वस्तीत प्रार्थना घेणारा, मुलांना धर्मशिक्षण देणारा, फादर महिन्यातून एकदा येत तेव्हा त्यांची सायकल धरणारा माणूस, त्याला मास्तर म्हणत. मास्तरचा थोरला पोरगा फादर होणार हे गावानं मी रांगत असतानाच ठरवून टाकलं होतं. दहावी झाल्यावर वडिलांनी मला एसटीत बसवलं आणि छावणीतल्या बोर्डिंगात आणून सोडलं. एसटीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असे. निघताना ते एवढंच म्हणाले, "तिथं जास्त बोलू नको. बोलणाऱ्याचं खोटं लवकर कळतं." वडिलांचा हा एक सल्ला मी आयुष्यभर पाळला.

बोर्डिंग म्हणजे दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं लांबलचक घर. पुढं ओसरी, मागं स्वयंपाकघर, त्याच्यामागं सिमेंटची टाकी आणि एक भलंमोठं चिंचेचं झाड. पहाटे आधी मशिदीची बांग यायची, मग आमची घंटा, मग रेल्वे स्टेशनाच्या बाजूनं इंजिनाची शिट्टी, आणि या तिन्हींच्या खालून सतत चालणारा भाकरी थापल्याचा आवाज. स्वयंपाक करीमचाचांकडं होता. ते उंच, वाकलेले, एका डोळ्यानं अधू. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी येसराची आमटी, संध्याकाळी पिठलं किंवा जे उरलं असेल ते. शनिवारी मात्र धपाटे असत, दह्यासकट, कारण शनिवार चुका वाचायचा दिवस होता आणि रिकाम्या पोटी माणूस खरं बोलत नाही असं मोठ्या फादरांचं मत होतं. सणाला चाचा मटणाचा खलिया करत आणि शहागंजाच्या भट्टीवरून नान आणत. त्या दिवशी आमच्यातल्या कुणाच्याही मनात संसार सोडायचा विचार येत नसे.

मोठे फादर मूळचे मंगळूरकडचे, पण आमच्या भागात चाळीस वर्षं काढल्यामुळं त्यांच्या मराठीत 'लई' आणि 'व्हय' आपसूक येत. इतर ठिकाणी लॅटिन केव्हाच बंद झालं होतं. मोठ्या फादरांना ते मान्य नव्हतं. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत, जाणाऱ्या पोराला निदान पहिलं पुस्तक तरी यायला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. आम्ही सहाजण होतो. अकरावीच्या वर्षात आम्ही पहिलं पुस्तक संपवलं. दुसरं पुस्तक फादरांनी कुठूनतरी मागवलं होतं, ते कधी आलंच नाही. म्हणून बारावीच्या वर्षात आम्ही पहिल्याचीच उजळणी करत राहिलो.

मराठीत आठ विभक्ती, लॅटिनमध्ये सहा, त्यामुळं सुरुवातीला आम्ही दोन वाचल्याच्या आनंदात होतो. शाळेत 'स, ला, ते, स, ला, ना, ते' म्हणत मोठे झालेलो, त्याच चालीवर आम्ही मेन्सा, मेन्से, मेन्से, मेन्साम म्हणायचो. मेन्सा म्हणजे मेज. बोर्डिंगात मेज एकच होतं, मोठ्या फादरांच्या खोलीत. आम्ही सतरंजीवर बसून अभ्यास करायचो आणि फरशीवर बसून जेवायचो. चाचा परातीत पीठ मळता मळता ऐकत असत. एकदा म्हणाले, "बैठते जमीन पे, खाते जमीन पे, और सुबे सुबे मेज के नाम की तस्बी पढते. अजीब पोट्टे हैं."

पुस्तकातल्या गोष्टी त्याहून अवघड होत्या, कारण त्यांतले शब्द समजायचे पण माणसं समजायची नाहीत. त्यात एक शेतकरी होता. तो बहुतेक वेळ गुलाबांवर आणि जंगलावर प्रेम करण्यात घालवायचा. एक नावाडी होता. आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पैठणचं धरण, त्यामुळं तो नावाडी इतका खूश का असतो हे आम्हांला कळत नसे. एका गोष्टीत शेतकऱ्याची मुलगी राणीसाठी विहिरीवरून पाणी घेऊन निघते, वाटेत नावाडी तिला समुद्राची हकिकत सांगत बसतो, घागर कलंडते आणि राणी तहानलेली राहते. एवढीच गोष्ट. फादरांनी विचारलं, कुणाला काही शंका? सुदामनं हात वर केला आणि विचारलं, "फादर, विहीर कुणाची होती?" फादरांनी पुस्तक पुढून-मागून चाळलं. पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

सुदाम माझा जोडीदार. उजळणी जोडीनं करायची अशी पद्धत होती. ओसरीवर दोघांनी समोरासमोर बसायचं, मधे पुठ्ठ्याच्या कापलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, चिठ्ठीच्या एका बाजूला लॅटिन शब्द आणि दुसऱ्या बाजूला फादरांच्या अक्षरात मराठी. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. मोठे फादर या वेळी जवळ थांबत नसत. ते चिंचेखाली फेऱ्या मारत. त्यामुळं कोण किती चुकलं हे फक्त समोरच्यालाच कळे. आणि इथंच ती वही येई. प्रत्येकाकडं तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली एक वही, तिच्यात तीन रकाने: चूक, बरोबर, कारण. आपली चूक आपणच लिहायची. जोडीदारानं दुसऱ्याची लिहायची नाही, सांगायचीही नाही. फादर म्हणत, "ज्याची चूक त्यानं लिहायची. मी लिहिली तर ती माझी झाली." शनिवारी धपाटे झाले की ओसरीवर सगळे उभे राहत आणि आठवडाभराच्या चुका मोठ्यानं वाचत. फादर खुर्चीत डोळे मिटून ऐकत. उत्तरपत्रिका त्यांनी कधी तपासली नाही. तपासणी पोलिसांनी करावी, असं ते म्हणत.

सुदामच्या वहीत चूक नव्हती. प्रत्येक शनिवारची तारीख आणि खाली 'चूक नाही', एवढंच. ते खरं होतं. हे मी आज शपथेवर सांगू शकतो, कारण त्याच्यासमोर बसणारा एकटा मीच होतो. त्याच्या वडिलांचा वैजापुरात बँड होता, लग्नाच्या वराती वाजवणारा. घरात सगळे कानानं शिकलेले. नवीन गाणं आलं की वडील क्लॅरिनेटवर एकदाच वाजवून दाखवत, दुसऱ्यांदा वाजवायचं ते थेट मांडवात. दोनदा ऐकायची त्यांच्यात सवयच नव्हती. सुदामला लॅटिन समजायचं की नाही मला माहीत नाही. पण एकदा कानावरून गेलेला शब्द, त्याची सगळी रूपं, त्याचा अर्थ, ज्या वाक्यात तो आला होता ते वाक्य, सगळं त्याच्या तोंडून वरातीतल्या गाण्यासारखं सरळ बाहेर यायचं. उत्तर देताना तो गुडघ्यावर बोटानं ताल धरायचा. त्याला फादर व्हायचं होतं आणि ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. मला ते माझ्या वडिलांकडून कळलं होतं.

मी चुका तयार करायला कधी लागलो, ते नीट आठवतं. पहिल्या एक-दोन शनिवारी मी खऱ्या चुका लिहिल्या. त्या फार सामान्य होत्या. पाठ केलं नव्हतं म्हणून चुकलो, झोप येत होती म्हणून चुकलो. फादर डोळे मिटून "हं" म्हणाले. मग एका शनिवारी मी एका शब्दापुढं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'येतं असं वाटलं, म्हणून वहीत पाहिलं नाही.' फादरांनी डोळे उघडले. म्हणाले, "हे कारण नीट लिहिलंय. गर्व ओळखला यानं." तेव्हा मला कळलं की या घरात चुकीपेक्षा कारणाला भाव आहे. मला चुका विशेष होत नव्हत्या, मी बऱ्यापैकी हुशार होतो. ज्या व्हायच्या त्या लाज वाटेल इतक्या मूर्खपणाच्या असायच्या, त्या मी लिहीनासा झालो. त्यांच्याऐवजी शोभतील अशा लिहू लागलो. कुठली चूक कुठल्या मुलाला होऊ शकते, तिच्यामागं कुठला दुर्गुण असू शकतो, याचा मी मनापासून अभ्यास केला. सुधारणा दिसावी म्हणून दर आठवड्याला एखादी कमी करायचो, आणि फार सरळ उतरत गेली तर संशय येईल म्हणून मधेच दोन वाढवायचो. खरं सांगायचं तर माझं लॅटिन त्यामुळं पक्कं झालं. विश्वास बसेल अशी चूक करायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं.

माझ्या भाचीची मुलगी इथं शहरात वनस्पतिशास्त्र शिकते. झाडांची नावं कळावीत म्हणून ती फोनवर लॅटिन शिकते आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर माझ्याकडं उजळणीला येते. तोच शेतकरी, तीच मुलगी, गुलाब, पाणी. काही बदललेलं नाही. उत्तर चुकलं की फोन टुणकन वाजतो आणि चूक स्वतःच नोंदवून ठेवतो. मी तिला विचारलं, यात मुद्दाम खोटी चूक करता येते का. ती म्हणाली, "येईल की आजोबा. पण कशाला करेल कुणी?" मी तिला पुढचा धडा उघडायला सांगितलं. हे प्रकरण लिहायला बसलो ते त्या रविवारी दुपारी.

त्या वर्षी आमच्या बोर्डिंगातून पुण्याच्या सेमिनरीत एकालाच पाठवायचं होतं. निवड मोठे फादर करणार होते. सहापैकी दोघांना घरची ओढ होती, दोघांना मिलिटरीत जायचं होतं. उरलो मी आणि सुदाम. माझ्या आईनं वैजापूरच्या बाजारातून झग्यासाठी पांढरं कापड आणून पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि ते आल्यागेल्याला काढून दाखवत होती. सुदामच्या घरी असलं काही नव्हतं. त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं की पोरगं गेलं तर बँडमधला चांगला कान जाईल, पण जातंय तर जाऊ दे.

एका शनिवारी धपाटे झाले, आम्ही ओसरीवर उभे राहिलो. मी नऊ चुका वाचल्या. नंतर सुदामनं वही उघडली आणि वाचलं, "चूक नाही."

फादरांनी डोळे उघडले. "किती आठवडे झाले?"

"सुरुवातीपासून, फादर."

"सुदाम, तू माणूस हायस का देवदूत?"

पोरं हसली. सुदामही हसला. म्हणाला, "माणूसच की, फादर."

"मग माणसाच्या चुका होत नाहीत?"

"होत्यात. भूगोलात लई होत्यात. ह्यात नाय झाल्या अजून. झाली की लिहितो."

फादर खुर्चीत पुढं सरकले. आवाज त्यांनी चढवला नाही, ते कधीच चढवत नसत. ते म्हणाले, माझ्यासमोर तू चुकत नाहीस ते मी बघतोय, पण माझ्यामागं काय होतं ते तुलाच माहीत. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हा अंतोन बघ. तुझ्याच समोर बसतो. नऊ लिहिल्या त्यानं. त्याला लाज वाटली नाही ती तुला का वाटते?"

सुदामनं माझ्याकडं पाहिलं. त्या आठवड्यात मी त्याच्यासमोर एकदाच चुकलो होतो, आणि नेमकी तीच चूक त्या नऊमध्ये नव्हती. जो मुलगा एकदा ऐकलेलं विसरत नाही त्याला हे माहीत नसेल असं मी तेव्हाही समजत नव्हतो. तो बोलला असता तर माझा सगळा खेळ तिथंच, दह्याचे हात धुवायच्या आधी, संपला असता. त्यानं वही मिटली. मग फादरांकडं वळून म्हणाला, "अंतोनचं अंतोनला ठाऊक, फादर. ज्याची त्यानं लिहायची."

फादरांचाच नियम होता. ते म्हणाले, पुढच्या शनिवारी एक तरी लिहून आण. सुदाम म्हणाला, झाली तर आणीन.

दुपारी टाकीवर ताटं धुताना त्यानं मला विचारलं, "तू एवढं खोटं कशाला लिहितो रे?" रागानं नव्हे. खरंच कळत नव्हतं म्हणून.

मी म्हणालो की ते खोटं नाही, माझ्या चुका मनातल्या मनात होतात.

"मनातल्या?"

"हो."

त्यानं यावर विचार केला. माझ्या बोलण्यावर तो नेहमी विचार करायचा, कारण मी मास्तरचा मुलगा होतो आणि धर्माचं मला जास्त कळतं असं त्याला वाटे. ताट पालथं घालून म्हणाला, "मग मला बी मनातल्या व्हायला पाहिजेत." तो आठवडा त्यानं प्रयत्न केला. रिकामी वही मांडीवर घेऊन तो चिंचेखाली बसलेला मी पाहिला. गुरुवारी माझ्याकडं आला आणि म्हणाला, "नाय सुचत. तुझ्यातली एक दे." माझ्याकडं शनिवारसाठी सात तयार होत्या. मी त्याला सांगितलं की दुसऱ्याची चूक आपली म्हणून वाचणं हे पाप आहे. तो "व्हय का," म्हणाला आणि गेला. त्याचा त्यावर विश्वास बसला होता.

शुक्रवारी सकाळी मोठ्या फादरांनी मला खोलीत बोलावलं. त्या खोलीला निलगिरीच्या तेलाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास होता. ते मेज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यावर एका बाजूला दमेकऱ्याची औषधं, दुसऱ्या बाजूला कोऱ्या चिठ्ठ्यांचे पुठ्ठे आणि मधे पुण्याला पाठवायचा अर्ज, नावाची जागा रिकामी ठेवलेला. फादर थकलेले दिसत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, जे ते कधी सांगत नसत.

म्हणाले, "लॅटिन येणारे मी लई पाहिले, अंतोन. खरं बोलणारे कमी. पुण्याला मला खरं बोलणारा पाठवायचाय." मग म्हणाले, नियम माझाच आहे, जोडीदारानं दुसऱ्याचं सांगायचं नाही, पण आज मी तो मोडतो. "तू त्याच्यासमोर बसतोस. खरं सांग. त्याच्या चुका होतात का नाही?"

उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. ते मला येत होतं. बाहेर चाचा कुणाला तरी हाक मारत होते, भाकरीचा आवाज चालू होता. मी अर्जावरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मला आईच्या पेटीतलं कापड आठवलं असं सांगितलं तर ते शोभून दिसेल, पण ते आठवलं नव्हतं. मला काहीच आठवलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "फादर, तो माझा मित्र आहे. त्याच्याबद्दल मी कसं सांगू?"

यात एक शब्दही खोटा नाही. मी ते वाक्य नंतर अनेकदा तपासून पाहिलं आहे. फादरांचे डोळे ओलावले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "समजलं. तू काही बोलू नकोस." तेव्हापासून मी मितभाषी म्हणून ओळखला जातो.

दुसऱ्या दिवशी सुदामनं वाचलं, "चूक नाही." कुणी हसलं नाही. फादरांनी त्याला बाजूला घेतलं आणि शांतपणे सांगितलं की घरी जा, वर्षभर विचार कर, खरं बोलायचं धैर्य आलं की परत ये, दार उघडं आहे. सोमवारी तो निघाला. चाचांनी त्याला फडक्यात धपाटे बांधून दिले आणि ताटं उचलायला आलेल्या मला विचारलं, "उस बच्चे कू कायकू भेज दिये?" मी सांगितलं, फादरांना वाटतं तो खोटं बोलतो. चाचा काहीतरी चुकीचं ऐकल्यासारखे थांबले. म्हणाले, "वो? वो तो मेरे खाने के बारे में बी सच बोलता था."

फाटकापर्यंत मी त्याची वळकटी घेऊन गेलो. तिथं त्यानं पिशवीतून चुकांची वही काढली आणि माझ्या हातात दिली. "राहू दे तुला. तुझी भरत आलीय. ही कोरीच हाय." टोमणा मारतोय की काय म्हणून मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो टोमणा नव्हता. वह्या महाग होत्या आणि कोरी पानं वाया घालवणं त्याला पटत नव्हतं. मी वही घेतली. त्या शनिवारी मी चार चुका वाचल्या, एकीचं कारण होतं 'मित्राच्या वियोगामुळं लक्ष नव्हतं'. फादर म्हणाले, "हं."

पुण्यात मला लॅटिन कुणी विचारलंच नाही. अभ्यास इंग्रजीत होता. सात-आठ वर्षांत ते बरंचसं पुसलं गेलं, प्रार्थनांपुरतं राहिलं. मला दीक्षा मिळाली तेव्हा आईच्या कापडाचा झगा मला आखूड झाला होता. सुदाम वर्षभरानं परत आला नाही. काही वर्षं त्यानं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, मग आयटीआय केलं आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला. तिथं तो तपासणी विभागात होता. यंत्रावरून आलेले भाग मोजमापानं तपासायचे आणि दुसऱ्यांनी केलेले दोष रजिस्टरात लिहायचे. मला हे एका नातेवाइकाकडून कळलं. सांगणाऱ्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

मोठे फादर पुष्कळ म्हातारे होऊन वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणं दफनविधीतली एक प्रार्थना, बोर्डिंगात त्यांनी आम्हांला ऐकवलेली, लॅटिनमधून म्हणायची होती, आणि लॅटिन येणारा म्हणून ती माझ्याकडं आली. मी पुस्तकात बघून म्हटली. गर्दीत मागं सुदाम उभा होता, पांढरा शर्ट, केस विरळ झालेले. पुस्तक न घेता तो ओठांनी सगळं म्हणत होता, आणि त्याचं एक बोट मांडीवर हलत होतं. विधी संपल्यावर तो माझ्याजवळ आला. माझा हात दोन्ही हातांत घेतला. मी त्याला नावानं हाक मारली. तो म्हणाला, "फादर, दुसऱ्या ओळीत चुकलात तुम्ही." आणि थोडं हसून, "लिहून ठेवा."

वर्गातला माझा जोडीदार मला अहोजाहो करत होता. मी त्याला घरच्यांचं विचारलं, त्यानं सांगितलं, दोन मुली आहेत, धाकटी हार्मोनियम वाजवते. मोठ्या फादरांबद्दल म्हणाला की माणूस सरळ होता, त्याला काय कळणार, कुणी सांगायला नव्हतं ना. कुणी सांगायला नव्हतं, हे तो त्यांची बाजू घेऊन म्हणाला. मी मान हलवली. लोक कॉफीसाठी बोलवत होते. आम्ही गेलो.

तेव्हापासूनही बरीच वर्षं झाली. दर महिन्याला मीही दुसऱ्या धर्मगुरूपुढं गुडघे टेकतो. मी अधीरपणा सांगतो, प्रार्थनेतलं दुर्लक्ष सांगतो, कधी थोडा गर्व. नीट मांडलेली, कारणासकट पापं. ऐकणारे खूश असतात. मला शंका आहे की त्यांतली काही मी केलेलीच नाहीत.

सुदामची वही माझ्या कपाटात आहे. कव्हर निघालंय, पानं पिवळी पडलीत. सुरुवातीच्या पानांवर तारखा आणि 'चूक नाही', आणि पुढं कोरंच. त्या रविवारी भाचीची मुलगी गेल्यावर मी पहिल्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखले. चूक: 'त्याच्याबद्दल मी कसं सांगू?' बरोबर: 'नाही फादर, त्याच्या चुका होत नाहीत. माझ्या वहीतल्या खोट्या आहेत.' कारणाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. चार वेळा पेन टेकवलं. जे सुचलं ते सगळं चांगलं वाटत होतं, म्हणून लिहिलं नाही.

चिकलठाणा इथून रिक्षानं अर्धा तास. घर मला माहीत आहे, विमानतळाच्या भिंतीच्या अलीकडची गल्ली, दारात कढीपत्त्याचं झाड. मी दोनदा तिथून गेलो आहे, दोन्ही वेळा दुसऱ्या कामानं. सांगणारा कुणी नव्हता असं सुदाम अजून समजतो. सांगणारा होता, त्याला विचारलं होतं, आणि त्याला उत्तर येत होतं. हे त्याच्यासमोर बसून माझ्या तोंडानं त्याला सांगायचं आणि त्याची वही त्याला परत द्यायची, एवढं माझ्याकडून राहिलेलं आहे.